आधी डोकं, मग कीबोर्ड : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही म्हटलं होतं की "कोड लिहायच्या आधी विचार करा" हे सगळेच सांगतात, पण विचार करायचा म्हणजे नक्की काय करायचं यावर तुमचे प्रश्न पाठवा. पत्रं, मेल, व्हॉट्सऍप सगळीकडून इतकं आलं की निवडताना नाकी नऊ आले. काही प्रश्न छाटलेत, नावं गाळलीत, एकाच मुद्द्यावरचे एकत्र केलेत.

प्रश्न : मी बँकेतून रिटायर झालोय आणि आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे. मेंटेनन्सची बिलं एक्सेलवर निघतात आणि दर महिन्याला कुणाचं ना कुणाचं भांडण ठरलेलं. मुलगा आयटीत आहे, म्हणतो बाबा दोन वीकेंडमध्ये ऍप करून देतो. मी म्हटलं आधी नियम कागदावर लिहून काढू, तर म्हणतो तुमचा जमाना गेला, आता करत करत शिकायचं असतं. कोण बरोबर?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : काका, दोघंही, पण वेगवेगळ्या गोष्टींत. बटण कुठे हवं, बिलाची पीडीएफ कशी दिसावी, मेसेज मराठीत जावा की इंग्रजीत, यावर कागद भरत बसू नका. त्याला करू दे, बघा, आवडलं नाही तर सांगा, तो तासाभरात बदलून देईल. पण पैशाचा हिशोब आणि तो साठवायचा कसा, इथे तुम्ही बरोबर आहात, आणि का ते एका आकड्यावरून सांगतो म्हणजे मुलालाही दाखवता येईल.

समजा एका सभासदाची १०,००० रुपये थकबाकी आहे आणि सोसायटी वर्षाला २१ टक्के सरळ व्याज लावते, म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्के, १७५ रुपये. वर्षाचं व्याज झालं २,१००. इथवर शाळेतलं गणित. आता मुलगा काय करेल, तर टेबलात "बाकी" नावाचा एक रकाना ठेवेल आणि दर महिन्याला त्या बाकीवर पावणेदोन टक्के काढून त्याच बाकीत मिळवेल. एका ओळीचा कोड, दिसायला अगदी बरोबर, पहिल्या महिन्याचं बिलसुद्धा बरोबर येतं. पण दुसऱ्या महिन्यात व्याज लागतं १०,१७५ वर, तिसऱ्यात १०,३५३ वर, आणि वर्षाअखेर व्याज होतं २,३१४. दोन वर्षं झाली की ४,२०० च्या जागी ५,१६४. सरळ व्याजाचं चक्रवाढ झालं आणि कुणी ठरवून केलं नाही, नुसत्या एका रकान्यामुळे झालं. तुम्ही बँकेत आयुष्य काढलंत, तुम्हाला हे अर्ध्या मिनिटात दिसेल, पण त्याने तुम्हाला टेबल दाखवायला हवं ना, तो दाखवणार स्क्रीन.

म्हणून मुद्दल आणि व्याज वेगळं ठेवायचं हा पहिला निर्णय. दुसरा त्याहून नाजूक : त्या सभासदाने वर्षाने ५,००० रुपये भरले तर ते आधी व्याजात वळते करायचे की मुद्दलात? आधी व्याजात टाकले तर मुद्दल उरतं ७,१०० आणि पुढच्या महिन्यापासून व्याज लागतं १२४ रुपये २५ पैसे. आधी मुद्दलात टाकले तर मुद्दल ५,००० आणि व्याज फक्त साडेसत्त्याऐंशी. एकूण येणं दोन्हीकडे ७,१०० च आहे, पण पुढचा हिशोब वेगळा. आता हे ठरवणारा तुमचा मुलगा कोण? हे उपविधी बघून कमिटीने ठरवायचं, ठरावात लिहायचं. पण कमिटीने ठरवलंच नसेल तर शनिवारी रात्री साडेअकराला कोड लिहिता लिहिता तोच ठरवून टाकणार, आणि ठरवलं हे त्याच्या लक्षातही येणार नाही. माझं म्हणणं सगळं या एका जागी येऊन थांबतं, की प्रोग्रॅममध्ये न घेतलेला निर्णय असं काही नसतंच, तुम्ही घेतला नाहीत तर कीबोर्डवर बसलेला माणूस तुमच्या नावाने घेऊन मोकळा होतो.

तिसरं, "बाकी" हा आकडा साठवायचाच नाही. रोजकीर्दीसारख्या नोंदी साठवायच्या, अमुक तारखेला बिल, अमुक तारखेला जमा, चेक परत आला तर उलट नोंद, आणि बाकी लागेल तेव्हा त्यावरून काढायची. चुकलेली नोंद खोडायची नाही, उलटवायची. तुम्हाला हे सांगायला नको. पण नव्या पोरांना डेटाबेसमधला आकडा बदलायची इतकी सवय असते की मार्चमध्ये कुणी विचारलं ऑक्टोबरला माझं येणं किती होतं, तर उत्तरच नसतं. आणि व्याजाचा दर कोडात कोरून ठेवू नका, "या तारखेपासून हा दर" असा ठेवा, कारण दर बदलतात आणि जुन्या महिन्यांना जुनाच लागायला हवा.

शिवाय रक्कम रुपयांत नाही, पैशांत ठेवा, म्हणजे पूर्णांकात. कॉम्प्युटरला दशांश अपूर्णांक नीट जमत नाहीत, बहुतेक भाषांत ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी काहीतरी येते. १,००० रुपये तिघांत वाटले की एक पैसा उरतो, तो कुणाच्या डोक्यावर टाकायचा हेही आधीच ठरवा. ऑडिटर त्या एका पैशावरच बोट ठेवतो.

बाकीचे प्रश्न तुम्हीच काढाल. मध्येच फ्लॅट विकला तर, भाडेकरू ठेवला तर बिनभोगवटा शुल्क कुठल्या महिन्यापासून, दोन फ्लॅट एकाच मालकाचे असतील आणि त्याने एकच चेक दिला तर. एक संध्याकाळ मुलाला शेजारी बसवा, पाचसहा सभासदांचे खरे हिशोब (भांडणवाले आधी घ्या) हाताने करा, आकडे लिहून ठेवा. ऍप तयार झालं की हेच आकडे त्यातून आले पाहिजेत. मग त्याचे दोन वीकेंड पुरतीलही कदाचित.

प्रश्न : भाऊ, मुलगा घरून काम करतो. मी चहा घेऊन जाते तर कधी खिडकीबाहेर बघत असतो, कधी वहीत चौकोन काढत असतो. टायपिंगचा आवाज म्हणून येत नाही. पगार वेळेवर येतो म्हणून गप्प आहे. नक्की काम करतो ना?
— एक आई, सांगली

उत्तर : काकू, वहीत चौकोन काढतोय म्हणजे बहुधा चांगलं काम करतोय. दिवसभर खटखट आवाज येत असता तर मी म्हटलं असतं जरा लक्ष ठेवा. खिडकीबाहेर बघण्याबद्दल मात्र गॅरंटी देत नाही, समोरच्या बिल्डिंगमध्ये कोण राहतं ते तुम्हाला जास्त माहीत.

प्रश्न : आमच्या टीमचा नियम आहे की जे चालतंय ते उचला, नव्याने लिहू नका. मागच्या प्रोजेक्टचा कोड चार वर्षं प्रॉडक्शनला (म्हणजे खऱ्या वापरात) चालला, एक बग म्हणजे चूक नाही, तोच नव्या प्रोजेक्टला जोडायचाय. तरी आमचे सॉफ्टवेअर आर्किटेक्ट म्हणतात दोन दिवस बसून विचार करू. चाललेल्या कोडवर कसला विचार?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमच्या आर्किटेक्टना माझा नमस्कार सांगा आणि ही गोष्ट ऐका, जुनी आहे पण अजून हिच्यासारखी दुसरी सापडलेली नाही.

४ जून १९९६, दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात कुरू इथून युरोपचं एरियान ५ रॉकेट पहिल्यांदाच उडालं. चाळीसेक सेकंदांत ते वळलं, मोडलं आणि स्वतःला उडवून दिलं, वर क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह होते तेही गेले. चौकशी समितीला सापडलं ते असं. रॉकेट कुठल्या दिशेला आणि किती वेगात चाललंय हे सांगणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर एरियान ४ वरून उचललेलं होतं, तिथे ते उत्तम चाललं होतं. त्यात आडव्या वेगाशी संबंधित एक आकडा ६४ बिटांच्या दशांश रूपातून १६ बिटांच्या पूर्णांकात बदलला जायचा. १६ बिटांत जास्तीत जास्त ३२,७६७ मावतो. एरियान ४ चा मार्ग असा होता की तो आकडा तिथवर जायचाच नाही. एरियान ५ सुरुवातीलाच आडवा वेग कितीतरी जास्त पकडायचं. आकडा मावला नाही, एरर आली, ती कुणी पकडली नाही, यंत्रणा बंद पडली.

आता म्हणाल बॅकअप नव्हता का. होता की! पण त्यात तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तो काही मिलिसेकंद आधीच गेला होता. मग बंद पडलेल्या यंत्रणेने "मी बंद पडलेय" छापाचा जो निदानाचा डेटा पाठवला तो मुख्य कॉम्प्युटरने उड्डाणाची माहिती समजून वाचला आणि त्या हिशोबाने नोझल (इंजिनाच्या ज्वाळा बाहेर पडतात ती तोंडं) पार टोकापर्यंत वळवली. पुढे काय होणार.

यातल्या दोन गोष्टी तुमच्या प्रोजेक्टला थेट लागू आहेत बघा. एक, असे सात आकडे धोक्याचे आहेत हे मूळ टीमला माहीत होतं, चारांना संरक्षण दिलं, तिघांना दिलं नाही कारण प्रोसेसरवरचा भार ८० टक्क्यांच्या आत ठेवायचा होता आणि ते तीन आकडे हाताबाहेर जाणारच नाहीत असं एरियान ४ पुरतं गणित होतं. म्हणजे विचार झाला होता, चांगला झाला होता, पण तो कोडाबरोबर पुढच्या रॉकेटवर गेला नाही. कोड उचलला, त्यामागची अट मागेच राहिली. दुसरी तर जास्तच जिव्हारी लागते, जो भाग कोसळला तो उड्डाणानंतर एरियान ५ ला हवाच नव्हता. एरियान ४ मध्ये काउंटडाऊन थांबवून पुन्हा पटकन सुरू करता यावा म्हणून तो उड्डाणानंतरही काही वेळ चालू ठेवायचे. इथे त्याचा काही उपयोग नव्हता, तरी चालू, कारण चाललेल्या गोष्टीला हात कशाला लावा.

तर दोन दिवस बसा आणि एकच यादी करा : हा कोड चार वर्षं कशाच्या जोरावर चालला. रोज किती रेकॉर्ड यायचे, सगळ्यात मोठा आकडा किती, तारखा कुठल्या टाइमझोनच्या, नावात मराठी अक्षरं यायची का, एका वेळी एकच माणूस वापरायचा का. प्रत्येकासमोर नव्या प्रोजेक्टचं उत्तर लिहा. जिथे उत्तरं जुळत नाहीत तिथेच टेस्ट लिहा, आणि नव्या प्रोजेक्टच्या डेटाने लिहा. एरियान ५ च्या खऱ्या मार्गाचे आकडे देऊन ती यंत्रणा उड्डाणाआधी तपासलीच नव्हती, चौकशीत हेही निघालं.

प्रश्न : फ्लोचार्ट काढायचा का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : परीक्षेत मार्क असतील तर काढ. एरवी चार साधी वाक्यं लिही, लवकर होतात आणि खोडता येतात.

प्रश्न : मी एका छोट्या टीमबरोबर नाटकांच्या तिकिटांचं बुकिंग ऍप करतोय. आम्ही विचार करून, चर्चा करून, डायग्रॅम काढून कोड लिहिला. टेस्टिंगला सगळं पास. पहिल्याच हाऊसफुल्ल प्रयोगाला एकाच खुर्चीवर दोन कुटुंबं येऊन उभी. मग विचार करून काय उपयोग झाला? आणि केलेला विचार पुरेसा आहे हे आधी कळणार कसं?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : तिसरी घंटा होतेय आणि दोन कुटुंबं एकाच खुर्चीसाठी, डोअरकीपरची दया येते. उपयोग झाला नाही असं नाही, तुम्ही एका माणसाचा विचार केलात, तो बरोबरच होता. गर्दीत दोन असतात.

कागदावर दोन उभे रकाने काढा, डावीकडे सावंत, उजवीकडे नाईक, आणि वेळ वरून खाली जाऊ दे. सावंतांसाठी ऍपने विचारलं एफ १२ रिकामी आहे का, आहे. आता इथेच थांबा, सावंतांचं पुढचं पाऊल लिहू नका, नाईकांकडे जा. नाईकांसाठीही विचारलं, रिकामी आहे का, आहे, कारण सावंतांनी अजून घेतलेली नाही. मग सावंतांच्या नावावर नोंद, मग नाईकांच्या नावावर नोंद. दोघांना तिकीट. कोडातली प्रत्येक ओळ बरोबर, क्रम चुकीचा. तुम्ही टेस्टिंग केलंत तेव्हा आधी सावंत पूर्ण आणि मग नाईक पूर्ण असंच झालं असणार, कारण टेस्ट करणारा एकटा होता.

इलाज असा की "बघणं" आणि "घेणं" ही दोन पावलंच ठेवायची नाहीत. डेटाबेसलाच सांगायचं की एका प्रयोगाची एक खुर्ची एकदाच नोंदता येईल, दुसरी नोंद आली की तू नाही म्हण. मग ज्याला नकार मिळाला त्याला ऍपने सभ्य शब्दांत सांगायचं.

पण अजून संपलं नाही. नाईकांनी यूपीआयने पैसे भरले, बँकेतून कापले गेले आणि तुमच्याकडे उत्तर यायच्या आधी नेट गेलं. आता काय? ऍपला वाटतं पैसे आलेच नाहीत, ते पुन्हा भरा म्हणतं, नाईक पुन्हा भरतात, पैसे दोनदा. किंवा ऍपने पाच मिनिटं वाट बघून खुर्ची सोडली, ती तिसऱ्याने घेतली आणि मग सहाव्या मिनिटाला निरोप आला की नाईकांचे पैसे जमा आहेत. प्रत्येक बुकिंगला सुरुवातीलाच एक क्रमांक द्या, पुन्हा प्रयत्न झाला तरी तोच क्रमांक जाऊ दे म्हणजे एकाच कामाची दोन कामं होणार नाहीत. आणि उशिरा आलेल्या पैशाचं काय करायचं, परत करायचे की दुसरी खुर्ची द्यायची, हे नाट्यसंस्थेला विचारा, तुम्ही ठरवू नका.

पुरेसा आहे का हे कळण्याबद्दल. साध्या ऍपला वरचे दोन रकाने आणि प्रत्येक ओळीनंतर "इथेच वीज गेली तर?" हा एक प्रश्न, एवढं पुष्कळ होतं. पण गोष्ट फार गुंतागुंतीची असेल तर माणसाच्या डोक्याला सगळे क्रम दिसत नाहीत हे कबूल करायला हवं. लेस्ली लॅम्पोर्ट म्हणून संगणकशास्त्रज्ञ आहेत, संगणकशास्त्रातलं सर्वोच्च मानलं जाणारं ट्युरिंग पारितोषिक २०१३ साठी त्यांना मिळालं. त्यांनी टीएलए प्लस नावाची एक भाषा केलीय जिच्यात कोड लिहायचा नसतो, तुमची कल्पना काटेकोर गणितात लिहायची आणि मग कॉम्प्युटर सगळे क्रम लावून बघतो की कुठे मोडतंय का. ऍमेझॉनमध्ये २०११ पासून ती वापरात आली. त्यांच्या डायनॅमोडीबी या डेटाबेसच्या डिझाइनमध्ये तिने एक चूक शोधली जी घडायला ओळीने ३५ पावलं विशिष्ट क्रमाने पडावी लागत होती. ३५! कुठला माणूस व्हाइटबोर्डसमोर उभा राहून हे शोधणार. तुम्हाला नाटकांच्या तिकिटांना एवढं लागणार नाही, पण डायग्रॅम काढला म्हणजे विचार झाला असं वाटायला लागलं की हा आकडा आठवा. बाण असलेलं चित्र सगळं नेहमी सुरळीतच होतंय असं दाखवतं.

प्रश्न : सर, कॅम्पसच्या ऑनलाइन टेस्टमध्ये प्रश्न वाचला की लगेच टाइप करायला लागतो कारण घड्याळ चालू असतं. अर्ध्यात गेलं की कळतं पद्धतच चुकली. विचार करत बसलो तर वेळ जातो, नाही केला तरी जातो.
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : प्रश्नात शेवटी बारीक अक्षरात मर्यादा दिलेल्या असतात त्या आधी वाच, बहुतेक पोरं त्या वाचतच नाहीत. तिथे लिहिलंय यादीत १ लाखापर्यंत आकडे असतील. तुझ्या डोक्यात आलंय की प्रत्येक आकडा प्रत्येकाशी ताडून बघू. गुणाकार कर, जोड्या होतात सुमारे ५०० कोटी. ढोबळ हिशोब असा धरायचा की एका सेकंदात दहाएक कोटी साध्या क्रिया होतात, म्हणजे ५० सेकंद, आणि टेस्टमध्ये मिळतात एकदोन. तर ती पद्धत टाइप करायलाच घेऊ नकोस. आधी क्रमाने लावून घेतले तर काम १७ लाख क्रियांच्या आसपास येतं, ते बसतं. या हिशोबाला अर्धं मिनिट लागतं आणि तेच तुझे वीस मिनिटं वाचवतं.

मग एक छोटं उदाहरण हाताने सोडव, प्रश्नात दिलेलं नको, स्वतःचं. रिकामी यादी, एकच आकडा, सगळे सारखे, सगळे उणे. आणि बेरजेवर लक्ष ठेव. बायनरी सर्च (क्रमाने लावलेली यादी दरवेळी निम्मी करत शोधणं) तर तुला पाठ असेल, मधली जागा काढायला दोन टोकांची बेरीज करून निम्मी करायची. जावा या भाषेच्या स्वतःच्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडाच्या संचात, ते असंच लिहिलेलं होतं आणि त्यात चूक आहे हे जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये जाहीर केलं, तोवर ती नऊएक वर्षं तिथेच होती. यादी शंभर कोटींच्या वर गेली की दोन टोकांची बेरीज ३२ बिटांत, म्हणजे २,१४,७४,८३,६४७ मध्ये मावत नाही आणि उत्तर उणे येतं. गंमत म्हणजे हा कोड त्यांनीच लिहिलेला होता. सुधारणा एवढीच की खालच्या टोकात दोघांमधल्या अंतराचा निम्मा मिळवायचा. तुझ्या टेस्टला शंभर कोटींची यादी येणार नाही, पण बेरीज न मावण्याचा प्रश्न हमखास येतो.

प्रश्न : रोज सकाळी स्टँडअपला, म्हणजे टीमच्या छोट्या मीटिंगला, सांगावं लागतं काल काय केलं. परवा खरं सांगितलं, की काल विचार केला. सगळे हसले. मॅनेजर म्हणाले विचार घरी करा, इथे कमिट (नोंदवून जमा केलेला कोड) दिसू द्या. या वातावरणात कसं करायचं?
— एक वाचिका, हिंजवडी

उत्तर : ताई, "विचार केला" हे पुन्हा म्हणू नका, मीसुद्धा हसलो असतो. त्यातून काय निघालं ते सांगा. "रिफंड अर्धाच आला तर इन्व्हॉइस कसा दाखवायचा हे ठरलेलं नाही, फायनान्सच्या माणसाला विचारलंय, तोवर तो भाग थांबलाय" असं म्हटलं की मॅनेजरला काम दिसतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उशीर झाला तर का झाला हेही दिसतं. पानभर लिहा, त्याहून जास्त कुणी वाचत नाही : काय करायचंय, काय मुद्दाम करणार नाही, कुठले प्रश्न कुणाकडे अडलेत. ते पान त्या कामाच्या टिकिटालाच (नोंदीलाच) जोडा. कमिटच हवं असेल तर ते पान रिपॉझिटरीत, म्हणजे टीमचा कोड ठेवायच्या जागी, टाका, झालं कमिट.

आकडा हवा असेल तर फ्रेड ब्रुक्स यांचा द्या. आयबीएमच्या ओएस ३६० या ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रचंड प्रोजेक्टचं नेतृत्व त्यांनी केलं होतं आणि १९७५ मध्ये वेळापत्रकाचा आपला अंदाज त्यांनी मांडला तो असा, की एक तृतीयांश वेळ नियोजनाला, एक षष्ठांश कोडिंगला आणि उरलेला निम्मा टेस्टिंगला. सहातला एकच हिस्सा कोडचा. तेव्हाची साधनं वेगळी होती, आज हे प्रमाण जसंच्या तसं धरू नका, पण मॅनेजरलोकांना जुन्या आयबीएमवाल्याचं नाव घेतलं की जरा ऐकावंसं वाटतं असा अनुभव आहे.

आणि एक उलट बाजूचंही. काही जण विचाराच्या नावाखाली काम पुढे ढकलत असतात, आमच्या धंद्यात अशी माणसं भरपूर. दिवसभर विचार करून एकही नवा प्रश्न निघाला नसेल तर थांबा आणि फेकून द्यायच्या बोलीवर कोड लिहा. समोरची एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून माहिती मागायची सोय) किती वेळात उत्तर देते हे खुर्चीत बसून कळत नाही, ती चालवूनच बघावी लागते. फक्त तो कोड नंतर खरंच फेका. फेकायचा म्हणून लिहिलेलाच कोड दहा वर्षं चालतो असा या क्षेत्राचा शाप आहे.

प्रश्न : आता एआयला सांगितलं की दोन मिनिटांत कोड येतो, चुकला तर पुन्हा मागायचा. मग आधी विचार करण्याचा हा सगळा खटाटोप कालबाह्य नाही का झाला?
— पुणे, कोल्हापूर, मुंबई आणि सिंगापूरहून आलेले प्रश्न एकत्र करून

उत्तर : उलट झालंय. पूर्वी टाइप करायला आठवडा लागायचा तेव्हा टाइप करता करता माणसाला अर्धे प्रश्न पडायचे, अरे हे रिकामं आलं तर, हा माणूस दोनदा आला तर. आता ते टाइपिंगच गेलं, त्याबरोबर ते प्रश्न पडायची जागाही गेली. कोड मात्र स्वच्छ, नावं छान, वर कॉमेंट, बघून वाटतं कुणीतरी विचार केला असणार.

वरच्या ठाण्याच्या काकांचं उदाहरण घ्या. एआयला म्हणा "थकबाकीवर दरमहा पावणेदोन टक्के व्याज लाव", तो लावेल, आणि बाकीतच मिळवून चक्रवाढ करेल अशी दाट शक्यता, कारण तुम्ही सरळ म्हटलंच नाहीत. "चुकला तर पुन्हा मागायचा" म्हणता, पण चुकला हे कळणार कशावरून? २,३१४ हा आकडा चुकीचा दिसत नाही हो. वर्षाचे २,१०० यायला हवेत हे आधी कागदावर असेल तरच तो चुकीचा दिसतो.

म्हणून वापरा, जरूर वापरा, पण क्रम बदला. पहिल्या मेसेजला कोड मागू नका, "हे करायच्या आधी मला काय काय विचारशील" असं विचारा. दहा प्रश्न येतील, सहा फालतू असतील, दोन तुम्हाला माहीत असतील आणि दोन असे निघतील की फोन उचलून कुणाला तरी विचारावं लागेल. ते उत्तर आलं की ते आणि हाताने काढलेले आकडे दोन्ही त्याला द्या, आणि म्हणा आधी या आकड्यांच्या टेस्ट लिही. त्या टेस्ट मात्र स्वतः वाचा, ओळ न ओळ, कारण कधी कधी कोड टेस्टला बसत नाही म्हणून तो टेस्टच बदलून "सगळं पास" असं सांगतो. सिंगापूरच्या वाचकाने तसा स्क्रीनशॉटच पाठवलाय, जागेअभावी छापता आला नाही.